बागांना दुपारी कुलूप का? पुण्यातल्या बागांच्या वेळा ठरवणाऱ्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

हे पत्र नेमकं कोणाच्या नावे लिहायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बागेच्या फाटकावर वेळेची पाटी असते आणि पाटीच्या तळाशी 'आदेशावरून' असं लिहिलेलं असतं. आदेश कोणाचा, कधीचा, कशासाठी, ते मी पाहिलेल्या एकाही पाटीवर नाही. तेव्हा पुण्यातल्या बहुतेक सार्वजनिक बागा सकाळी दहा-साडेदहाला मिटायच्या आणि दुपारी चार-साडेचारला उघडायच्या, हे ज्यांनी कधी काळी ठरवलं आणि जे आजही ते तसंच चालू ठेवतात, त्या सगळ्यांना हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून पाकीट बंद केलेलं नाही.

लिहायचं निमित्त लहान आहे. आमच्या पेठेत, दोन इमारतींमधल्या बोळातून आत गेलं की एक बाग लागते. बाग म्हणजे काय, एक म्हातारा वड, दोन बुचाची झाडं, एक बहावा, चार बाकं आणि कोपऱ्यात बंद पडलेलं कारंजं. रस्त्यावरून ती दिसत नाही. पत्ता विचारला तर पेठेत जन्म काढलेली माणसंही 'इथे कुठली बाग?' म्हणतात. या बागेचं फाटक दुपारी नुसतं लोटलेलं असायचं. राखणदार मामा कडी लावायचे नाहीत. आत कोणी डबा खात असे, कोणी पुस्तक घेऊन बसे, कोणी बाकावर मान टाकून डुलक्या काढी. गेल्या महिन्यापासून तिथे साखळी आणि कुलूप आलं आहे. 'वरून सांगितलंय,' एवढंच मामा म्हणाले. बागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी इतकी वर्षं नियमाकडे कानाडोळा करून माणसांना सावली दिली, त्यांना माझ्या पत्रामुळे कोणी जाब विचारू नये.

माझा यात संबंध काय, तेही सांगते. मी मुद्रितशोधक आहे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांचा जो धंदा चालतो, त्यात प्रुफं तपासण्याचं काम करते. कचेरी म्हणजे पोटमाळा, वर पत्रा. एक ते दोन सुट्टी. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली डबा उघडवत नाही. चौकातून दहा मिनिटं चाललं की ही बाग होती. तिथे जेवायचं, डोळे मिटून थोडं बसायचं, तांबट पक्ष्याची टुक-टुक ऐकायची आणि परत जाऊन ऱ्हस्व-दीर्घाशी झगडायचं, असा माझा क्रम होता. तांबट भर उन्हाळ्यात, भर दुपारी सगळ्यात जोरात ओरडतो. सकाळी फिरायला येणाऱ्यांना तो क्वचितच असा ऐकू येत असेल.

आता मूळ तक्रारीकडे येते. पुण्यात महापालिकेच्या दोनशेहून अधिक बागा आहेत, आणि ही संख्या भाषणांत नेहमी अभिमानाने सांगितली जाते. पण त्या बागा उघड्या कोणासाठी असतात? सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते आठ ही वेळ पाहिली की उत्तर मिळतं. ज्याला सकाळी बूट घालून फिरायला जायची सवड आहे, ज्याला संध्याकाळी नातवंडाला झोपाळ्यावर न्यायचं आहे, त्याच्यासाठी. त्यांचा माझा काही वाद नाही, त्यांनी जरूर यावं. पण बाग म्हणजे व्यायामाची आणि खेळण्याची जागा, एवढंच तुमच्या वेळापत्रकात धरलेलं आहे. नुसतं बसणं, निवांत असणं, उन्हातून येऊन टेकणं हे बागेचं कामच नव्हे, असं तुम्ही कधी ठरवलंत?

भर दुपारी सावली कोणाला लागते ते तुम्ही एकदा पेठांतून पायी फिरून पाहा. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर राहतात. बीडहून, लातूरहून, नंदुरबारहून आलेली. एका खोलीत चार-पाच जण, अभ्यासिकेचे पैसे वेगळे. अभ्यासिकेतून उठायचं ते मेससाठी, आणि मेसमधून परत अभ्यासिकेत. मधला तासभर ही पोरं टपरीपाशी उभ्याने काढतात किंवा बंद दुकानांच्या पायऱ्यांवर. घरकाम करणाऱ्या बायका पाहा. त्यांची सकाळची कामं साडेबारा-एकला संपतात आणि संध्याकाळची चारला सुरू होतात. पर्वतीच्या पायथ्याला घर असलेल्या बाईने मधल्या वेळात चढ चढून घरी जायचं आणि पुन्हा उतरून यायचं का? ती जात नाही. एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली बसते, आणि तिथला रखवालदार तिला हटकतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुली आहेत. लग्नाच्या खरेदीला गावाहून आलेली, पिशव्या आणि तान्हं मूल घेऊन फिरणारी कुटुंबं आहेत. बाळाला पाजायला त्या बाईने कुठे बसावं? ससूनच्या बाहेर थांबलेले रुग्णांचे नातेवाईक आहेत. घरोघरी पार्सलं पोचवणारी पोरं आहेत, जी दुचाकीच्या सीटवर आडवी होऊन झोपतात. झाड मिळालं तर त्याच्याखाली, नाहीतर उड्डाणपुलाच्या सावलीत.

आणि वाडे पाडून झालेल्या इमारतींमधली म्हातारी माणसं. वाड्यात चौक होता, ओसरी होती, मागे विहिरीपाशी चार झाडं होती. आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, खाली सगळी पार्किंगची जागा. दुपारी घरात एकट्याने बसवत नाही म्हणून खाली उतरलेले आजोबा फाटकाच्या गजांना धरून बागेतली रिकामी बाकं बघत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. बाकांवर सावली होती आणि आजोबा उन्हात.

28 एप्रिल 2019 रोजी पुण्याचा पारा 43 अंशांवर गेला होता. अशा दिवशी वडाखालची हवा आणि डांबरी रस्त्यावरची हवा यांत किती फरक असतो ते सांगायला तज्ज्ञ नको. झाड पानांवाटे पाणी बाहेर टाकतं, त्यात उष्णता खर्ची पडते, खालची जमीन तापत नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री उशिरापर्यंत ते बाहेर टाकत राहतात. म्हणजे शहराकडे उष्म्यावरचा जो एक स्वस्त आणि तयार इलाज आहे, तोच तुम्ही बरोबर उष्म्याच्या वेळी कुलपात ठेवता.

या शहराला बागा काही नव्या नाहीत. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजच्या तलावातून नळ घालून पेठांत पाणी आणलं. हौद भरले आणि हौदांच्या आधाराने वाड्यांच्या मागे बागा उभ्या राहिल्या. त्यातल्या किती उरल्या? तुळशीबागेत नारो अप्पाजींनी राममंदिर बांधलं आणि पुढे त्याभोवती बाजार भरला. त्या बाजारावर माझं प्रेम आहे, पण तिथे आता तुळस मिळाली तर कुंडीतली मिळेल. विश्रामबागेत वाडा झाला. रमणबाग म्हटलं की मुलांना शाळा आठवते. पर्वतीच्या तळ्याकाठच्या हिराबागेचं नाव एका चौकाला उरलं. बेलबागेत नाना फडणविसांचं लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे आणि शिवाजी रस्त्याच्या कोलाहलातून आत पाऊल टाकलं की अजूनही कान निवतात. पण तो देवस्थानाचा आवार आहे, तिथे डबा उघडून बसता येत नाही, आणि बसूही नये.

सारसबागेची गोष्ट जरा वेगळी. तिथे तळं होतं, जवळपास 25 एकरांचं, मध्ये बेट. 1784 मध्ये सवाई माधवरावांनी त्या बेटावर गणपती बसवला, म्हणून तो तळ्यातला गणपती. विसाव्या शतकात तळं आटवून बाग केली. शेजारी 1953 मध्ये पेशवे पार्क हे प्राणिसंग्रहालय झालं, 1956 पासून तिथे फुलराणी ही लहान मुलांची गाडी धावू लागली, आणि पुढे प्राणी कात्रजला गेले. माझ्या पिढीच्या प्रत्येक पुणेकराचा त्या गाडीत बसलेला एक तरी फोटो घरात असतो. या सगळ्या बदलांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पेशव्यांची खासगी बाग असो की इंग्रजी अमलातली साहेबलोकांची, स्वातंत्र्यानंतर त्या आपल्या झाल्या. आपल्या म्हणजे तिकीट काढून, रांगेत उभं राहून किंवा सरळ चालत आत जाता येईल अशा. निदान तसा समज होता.

आता गंमत पाहा. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी 'पुण्यातल्या लपलेल्या बागा' अशी यादी काढतं. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या काढतात, हल्ली मोबाइलवर छोटे व्हिडिओ येतात. त्यात शिंदे छत्री असते, पाताळेश्वर असतं, मॉडेल कॉलनीतलं लकाकी तळं असतं, ओंकारेश्वराजवळची वर्तक बाग असते, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान असतं, जे ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर 2006 मध्ये उभं राहिलं. याद्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, शहर पायाखाली घालावंच. पण बाहेरगावचा माणूस अशी यादी घेऊन सकाळी अकराला निघाला, तर त्याला यातल्या महापालिकेच्या बागांची फक्त फाटकंच पाहायला मिळतात. ज्या जागा दुपारी उघड्या मिळतात, त्या बहुतेक दुसऱ्या कोणाच्या ताब्यातल्या असतात.

याच जागा तुमच्या वेळापत्रकाला खोटं पाडतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन घ्या. 39 एकर, एकेकाळची सोल्जर्स गार्डन, अनेक पिढ्यांपासून ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे सोपवलेली. तिथे थोडकं तिकीट आहे आणि बाग दिवसभर उघडी असते. गारंबीचे मांडीएवढे जाड वेल झाडांवरून झाडांवर गेलेले, मधून वाहणारा ओढा, वर इतकी दाट पानं की मे महिन्यातही ऊन जमिनीवर ठिपक्याठिपक्यांनीच पडतं. जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा अर्धं पुणं तिथे लोटतं. एरवी दुपारी सहली येतात, कोणी चादर अंथरून जेवतं, कोणी झोपतं. जगबुडी झालेली नाही. झाडं आहेत तिथेच आहेत.

पाताळेश्वर घ्या. जंगली महाराज रस्त्यासारख्या गजबजलेल्या रस्त्यावर, एकाच खडकात कोरलेलं राष्ट्रकूट काळातलं लेणं. समोर गोल नंदीमंडप, आवारात झाडं आणि हिरवळ. पुरातत्त्व खात्याची देखरेख आहे आणि ते दुपारी उघडं असतं. फर्ग्युसन आणि मॉडर्नची पोरं तिथे वह्या घेऊन बसतात. बाराशे वर्षांचं शिल्प दिवसभर उघडं ठेवता येतं आणि पंधरा वर्षांपूर्वीची पेव्हर ब्लॉकची बाग ठेवता येत नाही, याचं कारण मला कोणी समजावून सांगावं. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेसही तसाच. 1892 चा वाडा, गांधीजींची 1942 ते 1944 ची कैद तिथली, कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्या तिथे. इतकी जोखमीची राष्ट्रीय वास्तू, आणि तिथल्या झाडांखाली माणूस भर दुपारी जाऊन बसू शकतो.

गणेशखिंडीतल्या जुन्या वनस्पती उद्यानाला 2020 मध्ये राज्याने जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. ती सुमारे 33 हेक्टरांची संशोधनाची जागा आहे. ती दिवसभर सगळ्यांना खुली करा असं मी म्हणणार नाही, तिथे बंधनं हवीतच. प्रत्येक कुलूप चुकीचं असतं असं माझं म्हणणं नाही. कुलपामागे कारण असावं, आणि ते लिहिलेलं असावं.

पुण्याबाहेर पाहायचं तर दिल्लीची लोदी गार्डन किंवा बंगळुरूचं कब्बन पार्क पाहा. दोन्ही जुनी, दोन्ही शहराच्या पोटात, दोन्ही दुपारी उघडी. दिल्लीचं ऊन आपल्यापेक्षा कडक आहे, हे मुद्दाम सांगायला नको.

कारण काय, ते मी विचारून पाहिलं. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, त्याचं उत्तर आलं, 'प्रचलित पद्धतीनुसार'. मुद्रितशोधक म्हणून सांगते, त्या तीन ओळींच्या उत्तरात शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या, पण त्या सोडून देऊ. कारण मात्र एकही नव्हतं. म्हणून तोंडी जी कारणं कानावर आली, त्यांनाच उत्तर देते.

पहिलं, पाणी घालायला आणि झाडलोटीला बाग मोकळी लागते. लागते, पण सहा तास? आणि भर उन्हात पाणी घालू नये हे कुठलाही माळी सांगेल. ते पहाटे किंवा ऊन कलल्यावर घालायचं असतं. झाडलोट एका बाजूने करत दुसऱ्या बाजूला माणसं बसू शकतात, एम्प्रेसमध्ये बसतातच.

दुसरं कारण राखणदारांच्या जेवणाचं. हे मला सगळ्यात खरं वाटतं आणि त्यावर मी थट्टा करणार नाही. ही माणसं कंत्राटावर आहेत, पाळ्या लांब आहेत. पण एका माणसाला बारा तास उभं करून बाग उघडी ठेवा असं कोण म्हणतंय? दुपारची पाळी वेगळी लावा, तिचे पैसे द्या. नवीन कारंजं, नवी रोषणाई, 'आय लव्ह' छापाची अक्षरं यांना पैसे निघतात तर एका माणसाच्या पाळीलाही निघतील.

तिसरं कारण दारुडे आणि गर्दुल्ले. ते कुलपाला भीत नाहीत, भिंत चढून आत जातात. आमच्या बागेच्या मागच्या भिंतीपाशी रिकाम्या बाटल्या कुलूप लागल्यानंतर दिसायला लागल्या. आत चार बायका डबा खात बसलेल्या असल्या की तिथे कोणी पीत बसत नाही. माणसांचा वावर हीच राखण असते.

आणि चौथं कारण, जे कोणी मोठ्याने बोलत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. जोडपी. दुपारी बाग उघडी ठेवली की जोडपी येऊन बसतात, म्हणून कुलूप. मला यावर एवढंच म्हणायचं आहे की येऊ द्या. वीस-बावीस वर्षांची दोन मुलं एका बाकावर बसून बोलत असतील तर त्यात शहराचं काय बिघडतं? कोणी मर्यादा सोडली तर राखणदार हटकू शकतो, शिट्टी त्याच्याकडे असतेच. पण दोघांच्या भीतीने दोनशे जणांची सावली बंद करायची, हा हिशेब मला मान्य नाही. तसंही बागा बंद असल्या म्हणून प्रेमप्रकरणं कमी झाल्याचं ऐकिवात नाही. ती मॉलमध्ये आणि टेकडीवर जातात. टेकडी मुलींसाठी जास्त धोक्याची, हे तुम्हालाही माहीत आहे.

पुण्यात दुपारी एक ते चार दुकानं मिटतात, यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. आता ती थट्टाही शिळी झाली. मिठाईची जी नामांकित दुकानं दुपारच्या झोपेसाठी ओळखली जात, तीही दिवसभर उघडी असतात. गिऱ्हाईक दुपारीही येतं हे दुकानदारांना कळलं. बागांच्या बाबतीत ते कधी कळणार?

वेळेइतकीच दुसरी तक्रार आवाजाची आहे. ज्या थोड्या वेळात बागा उघड्या असतात, त्या वेळात बऱ्याच ठिकाणी कर्ण्यांवर गाणी लावलेली असतात. सकाळी भक्तिगीतं, संध्याकाळी बासरी किंवा जुनी चित्रपटगीतं. ज्याला हवं त्याच्या खिशात मोबाइल आहे. बागेत बुलबुल आहे, शिंपी पक्षी आहे, संध्याकाळी वडावर घरट्याकडे परतणाऱ्या साळुंक्यांचा गोंगाट आहे. तो झाकून टाकायला वीजबिल भरायचं कशाला?

पाट्यांबद्दल एक परिच्छेद तरी लिहायलाच हवा, नाहीतर पत्र पुण्याचं वाटणार नाही. 'हिरवळीवर बसू नये.' 'बाकावर झोपू नये.' 'खाद्यपदार्थ आणू नयेत.' 'वाचन करणाऱ्यांनी शांतता राखावी', हे कर्ण्याच्या खांबावर. मनाई समजू शकते, पण मग परवानगी कशाला आहे तेही एकदा लिहा. डबा खाणारा माणूस आणि वेफर्सच्या पिशव्या फेकणारा माणूस यांत फरक करा. कचरा टाकणाऱ्याला दंड करा, पोळी-भाजी खाणाऱ्याला उठवू नका. काही बागांतल्या नव्या बाकांना मध्येच लोखंडी दांडा बसवला आहे, आडवं होता येऊ नये म्हणून. तो दांडा बसवायचा विचार ज्याच्या डोक्यात आला, त्याने कधी दिवसभर उभ्याने काम केलेलं नसावं.

झाडांच्या बुंध्यांशी तुम्ही काय चालवलं आहे तेही पाहा. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले आहेत, पाणी मुरायला वीतभर माती ठेवलेली नाही. वरून फांद्यांना दिव्यांच्या माळा, त्याही खिळे मारून. झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा राज्यात 1975 पासून आहे. तोडायला परवानगी लागते तशी गुदमरवायला लागत नाही, असं दिसतं.

स्वच्छतागृहांबद्दल थोडक्यात. अनेक बागांत ती आहेत आणि बंद आहेत. बाग दुपारी उघडी नाही म्हणून ती बंद, आणि बाग उघडी असते तेव्हा किल्ली सापडत नाही. बायकांसाठी ही सोयीची नव्हे, तब्येतीची बाब आहे. बाहेर काम करणारी बाई दिवसभर पाणी कमी पिते, हे कोणत्याही डॉक्टरला विचारा.

आता मागण्या. त्या फार नाहीत आणि कुठल्याही महागड्या प्रकल्पाशिवाय होण्यासारख्या आहेत.

बागा सकाळी उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत सलग उघड्या ठेवा. सगळ्या एकदम जमणार नसतील तर पेठांतल्या आणि दवाखाने, बाजार, बसस्थानकं यांच्या जवळच्या बागांपासून सुरुवात करा. या उन्हाळ्यात, होळीच्या आत. चार महिने करून पाहा, आणि काय बिघडलं, काय सुधारलं ते जाहीर करा.

दुपारच्या पाळीला स्वतंत्र माणूस नेमा, जमेल तिथे स्त्री राखणदार नेमा, आणि त्यांना बसायला खुर्ची व सावली द्या. ज्या राखणदारांनी आजवर आपल्या मर्जीने फाटक उघडं ठेवलं, त्यांच्यावर कारवाई करू नका.

पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह बागेच्या पूर्ण वेळेत चालू राहील हे पाहा. दोन्हींसाठी जबाबदार माणसाचा हुद्दा आणि कचेरीचा फोन फाटकावर लिहा.

डबा खायला, वाचायला, बाकावर आडवं व्हायला मनाई करणाऱ्या पाट्या काढा. बाकांवरचे दांडेही काढा. कर्णे बंद करा. ज्यांना ते हवेच आहेत असं तुम्हाला वाटतं, त्यांना आधी विचारा, तेही दुपारी येणाऱ्यांसह.

बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी करा. हे काम पावसाळ्याआधी झालं तर यंदाचं पाणी झाडांना मिळेल.

आणि शेवटची मागणी, जिचा खर्च एका रंगाच्या डब्याइतका आहे. वेळेच्या प्रत्येक पाटीवर 'आदेशावरून' या शब्दाच्या आधी लिहा की आदेश कोणत्या कचेरीचा, कोणत्या तारखेचा, आणि कशासाठी. कारण लिहायला बसलात की बऱ्याच ठिकाणी ते सापडणार नाही, असा माझा अंदाज आहे. जिथे सापडेल तिथे आम्ही ते वाचू, पटलं तर मानू, नाही पटलं तर पुन्हा लिहू.

पत्रावर माझ्याबरोबर अभ्यासिकेतल्या काही मुलांनी आणि आमच्या गल्लीत काम करणाऱ्या मावशींनी सह्या केल्या आहेत. त्यांतल्या काहींनी सही पहिल्यांदाच एखाद्या पत्रावर केली. त्यांची नावं इथे छापत नाही, कारण कामावरून काढण्याची भीती सगळ्यांना आहे. सह्यांची मूळ प्रत तुमच्या आवक खिडकीवर दिली आहे आणि पोच घेतली आहे.

कळावे.

आपली,
सदाशिव पेठेतील एक मुद्रितशोधक